आपला दात

शुक्रवारी सकाळी धाकट्या डॉक्टरच्या संगणकावर थोरल्या डॉक्टरला स्वतःचं आडनाव दिसलं. तो काही कुणाच्या गोष्टीत नाक खुपसणाऱ्यातला नव्हता. त्याच्या खोलीतला संगणक नेहमीप्रमाणे सुरू व्हायला वेळ खात होता, पहिल्या पेशंटची वेळ बघायची होती, धाकटा अजून आला नव्हता आणि त्याचा पडदा कालपासून तसाच चालू राहिला होता, एवढंच. पडद्यावर वेळांची यादी नव्हती, चावा मोजायच्या यंत्रावरच्या नोंदींची होती. सगळ्यात वर आडनाव. आपली नोंद इथं कशी, आपण तर त्या यंत्राची पट्टी कधी तोंडातसुद्धा धरलेली नाही, असं त्याला वाटलं आणि मग आडनावाआधीचं नाव वाचलं गेलं. ते बायकोचं होतं. कालची तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. त्याखाली गेल्या गुरुवारची नोंद, त्याखाली त्याच्या आधीच्या गुरुवारची. गुरुवारी दुपारी तो कॉलेजात शिकवायला जातो हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, घरी तर होतंच. तो उभाच राहिला. बाहेर फोनवर बसणाऱ्या मावशी कुणाला तरी सांगत होत्या की दाढ दुखत असेल तर आजच या, उद्यावर ढकलू नका.

दवाखान्यात डॉक्टर दोन, खुर्च्या दोन, आणि दोघांमध्ये नातं काहीच नाही. एक छप्पन्नचा, दुसरा तेहतीसचा. घरातल्या दिरांना करावं तसं पेशंटांनीच त्यांना थोरले आणि धाकटे करून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं स्वतःच्या हौसेनं ते यंत्र आणलं. घोड्याच्या नालाच्या आकाराची, कागदाहून किंचित जाड पट्टी, मुठीत धरायच्या दांड्याला लावलेली. ती दातांमध्ये ठेवून पेशंटला चावायला सांगायचं, की कोणत्या दातावर किती जोर येतो, कुठं आधी येतो, कुठं मागून, ते सगळं पडद्यावर हलत्या चित्रात दिसतं. दातांच्या जागी रंगीत खांब उगवतात, कमी जोराचे निळे बुटके, जास्त जोराचे लाल उंच, आणि खाली डावीकडे शंभरातले किती, उजवीकडे किती, त्याचे आकडे. थोरल्यानं त्याचं कौतुक केलं, म्हणजे तोंडानं केलं. मनात म्हणाला, खेळणं आहे. त्याच्याकडे निळा कागद होता. तीस वर्षं त्यानं निळ्या कागदाचा तुकडा लोकांच्या दातांत धरून ‘टक टक करा’ म्हटलं होतं, दातांवर उमटलेले निळे ठिपके पाहिले होते आणि वर दाताला बोट टेकवून तो थरथरतो का ते जोखलं होतं. ठिपका जेवढा मोठा आणि गडद, तेवढा तिथं जोर जास्त. तिथं घासायचं. कॉलेजात तो हेच सांगे आणि मुलं वहीत लिहून घेत. धाकटा एकदा डबा खाता खाता सहज बोलून गेला होता की सर, यंत्रात वेगळंच दिसतं, मोठ्या ठिपक्यावर पुष्कळदा जोर नसतोच, नुसता पसारा असतो, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या फिक्या ठिपक्यावर सगळा भार पडलेला असतो. थोरला हसला होता. बोटाला कळतं, एवढंच म्हणाला होता.

आता त्यानं खुर्चीसुद्धा ओढली नाही, उभ्याउभ्याच कालची नोंद उघडली. आधी नुसती नालाची रिकामी आकृती. मग खालच्या उजव्या दाढांत एक बारीक लाल खांब ताडकन वर आला, आणि चटका बसून हात मागे घ्यावा तसा सगळा रंग डावीकडे पळाला. डावीकडे चौसष्ट, उजवीकडे छत्तीस. अडीच सेकंदांचं चित्र. ते त्यानं सात-आठ वेळा लावलं. लाल खांब कोणत्या दातावर आहे ते त्याला दिसत होतं, पण तो ते बघतच नव्हता. अडीच सेकंद आपली बायको या खोलीत, या खुर्चीत, मागे डोकं टेकून तोंड उघडून बसली होती, हे तो बघत होता. धाकट्यानं डाव्या हाताच्या बोटांनी तिचा गाल बाजूला केला असणार. अंगठा हनुवटीखाली टेकवला असणार, कारण त्याशिवाय पट्टी सरळ बसत नाही. आणि म्हणाला असणार, चावा, घट्ट, अजून घट्ट, धरून ठेवा. हे शब्द भिंतीपलीकडून दिवसातून वीस वेळा त्याच्या कानावर येत आणि रस्त्यावरच्या भोंग्यांसारखे विरून जात. आज ते विरेनात. नोंदीच्या तळाशी धाकट्याचं टिपण होतं. ‘घासलं नाही. पेशंटची इच्छा नाही.’ तिन्ही नोंदींखाली तेच वाक्य. मग येते कशाला? घासून घ्यायचं नाही, औषध नाही, तर तीन-तीन गुरुवार येते कशाला? बाहेर मावशींनी फोन ठेवला. म्हणजे मावशींनाही माहीत होतं. दातांच्या डॉक्टरच्या पोटात दुखायला लागलं.

तो मत्सर होता. दुपारपर्यंत त्यानं त्या मत्सराला दुसरं काहीतरी नाव देऊन पाहिलं, काळजी म्हणून पाहिलं, व्यवसायातली शिस्त म्हणून पाहिलं, पण कुठलंच नाव अंगाला बसेना. आपली बायको आणि तो पोरगेलासा डॉक्टर यांच्यात नको ते काही असेल, असं त्याला एका क्षणापुरतंही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं, निदान आदळआपट करता आली असती. त्याला जे छळत होतं ते सांगायलाही हसू येईल असं होतं. तिच्या तोंडात आजवर त्याच्याखेरीज कुणी आरसा घातला नव्हता.

पहिल्यांदा ती त्याच्यासमोर तोंड उघडून बसली तेव्हा त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, परीक्षेआधी ठरावीक दाढा भरून दाखवायच्या होत्या, आणि ती आली होती कारण तिथं फुकटात काम होई. खालची उजवी मोठी दाढ. ती भरायला त्याला तीन तास लागले. सरांनी येऊन लांबूनच बघितलं आणि भरलेलं उंच आहे एवढं म्हणून ते निघून गेले, की हा परत निळा कागद घेऊन बसला, टक टक करा, उघडा, टक टक करा, उघडा. तिचा ओठ बधिर होता, तिला धड बोलता येत नव्हतं, नुसती डोळे मोठे करून छताकडे बघत होती. तिसऱ्या तासाला दात बसला आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी भांडायला परत आली. काल अख्ख्या बसमधले लोक माझ्याकडे टक लावून बघत होते, म्हणाली, मला वाटलं आज मी बरी दिसतेय, घरी जाऊन आरशात बघते तर ओठ निळेशार. हे सांगता सांगता ती स्वतःच दात काढायला लागली आणि तिच्या हसण्यात त्याला आपली दाढ दिसली, मागे, उजवीकडे, चकचकीत. तिथून पुढे तिचे बाकीचे एकतीस दात तिचे राहिले आणि तो एक ‘आपला दात’ झाला. ती गोड खायला लागली की तो म्हणे, आपल्या दाताला विचारलंस का? भांडण झालं की ती म्हणे, दात तुझा तू घेऊन जा. घरी आलेल्या पाहुण्यांना यातलं काही कळत नसे आणि त्यातच खरी मजा होती. पुढे ती आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या कामाला लागली, काचेच्या छोट्या खोलीत बसून रोज चार-पाच तास वाचायची, आणि आपल्या दाताला आज फार बोलावं लागलं, म्हणून संध्याकाळी गाल चोळायची.

आठ महिन्यांपूर्वी बदामाच्या तुकड्यावर ती जुनी दाढ तडकली. त्यानं तिच्यावर कॅप बसवली. रंग जुळवायला तिला खिडकीपाशी उभं केलं, तीन वेगवेगळ्या उजेडात बघितलं, तयार होऊन आलेली कॅप दोनदा परत पाठवली. इतकं सुरेख काम त्यानं दहा वर्षांत केलं नव्हतं आणि हे त्याला माहीत होतं. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, जरा लागतंय. त्यानं निळा कागद धरला. कॅपवर आतल्या कोपऱ्यात एक फिका ठिपका, असून नसल्यासारखा, आणि शेजारच्या दाढेवर शाई सांडल्यासारखा मोठा गडद डाग. त्यानं शेजारची दाढ घासली. आता बरं ना? हो, म्हणाली. महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा शेजारची घासली. आता बरं ना? हो. तिसऱ्यांदाही हो. त्यानंतर तिनं तक्रार केली नाही, तेव्हा त्याच्या लेखी तो विषय संपला होता.

साडेअकराला नव्या कवळीचे आजोबा आले. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, बारीकसारीक गोष्टींची नजर असलेला, पण स्वतःच्या तोंडाबाबत अगदी लहान मूल. टक टक करा, त्यानं म्हटलं. कवळीवर मोठा डाग उमटला. त्यानं ड्रिल उचललं आणि हात तिथल्या तिथं थांबला, कारण डागाच्या मागे एक फिका ठिपका होता आणि तो आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटलं. त्यानं मोठा डागच घासला, सवयीनं. आता बरं ना, विचारलं. आजोबा म्हणाले, “बरं म्हणजे काय डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते.” भिंतीपलीकडून धाकट्याचा आवाज येत होता, कुणाला तरी तो काहीतरी विचारत होता, पण शब्द कळत नव्हते. दुपारी जेवताना धाकटा समोर बसला. त्याची बोटं लांब आणि स्वच्छ होती, हे इतक्या वर्षांत कधी नजरेत भरलं नव्हतं. तो म्हणाला की गाडी चालवताना तो सध्या मॅडमनी वाचलेलं दीपगृहाच्या राखणदाराचं पुस्तक ऐकतोय, काय सुंदर वाचतात, फक्त अलीकडच्या भागांत जबडा जपून उघडतायत असं वाटतं, मोठा ‘आ’ आला की आवाज आत घेतात. थोरल्यानं मान हलवली. बायकोचं एकही पुस्तक त्यानं ऐकलेलं नव्हतं. घरी रोज ऐकतोच की, असं तो आजवर म्हणत आला होता, आणि घरी तो काय ऐकत होता? दूध संपलंय, किल्ली कुठं ठेवलीस, बिल भरलंस का. तिचा ‘आ’ लहान झाला होता आणि ते दुसऱ्याला रहदारीत, भोंग्यांच्या गोंगाटात ऐकू आलं होतं. धाकटा डबा बंद करता करता थांबला. सर, एक बोलायचं होतं, म्हणाला. नंतर, असं म्हणून थोरला उठला. ते काय असणार हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या तोंडून त्याला ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सफरचंद कापत बसली होती. तो समोर बसला. ती कापत होती त्या चकत्या इतक्या पातळ होत्या की त्यातून ताटलीवरची नक्षी दिसत होती. पूर्वी ती अख्खं सफरचंद उचलून कचकन चावा घ्यायची, शेजारच्या खोलीत ऐकू जाई, आणि तो ओरडे, अगं हळू, दात माझा आहे. हे पातळ कापणं कधी सुरू झालं? त्याला आठवेना. दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य त्यानं अखेर बाहेर काढलं, आणि ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खालच्या आवाजात आलं.

“गुरुवारी दुपारी कुठं असतेस?”

तिची सुरी थांबली नाही. “तुझ्या दवाखान्यात.”

खोट्याची त्याची तयारी होती, खऱ्याची नव्हती. कशाला, असं त्यानं विचारलं. दातांच्या दवाखान्यात माणूस कशाला जातं, म्हणाली. “मग मी काय मेलो होतो?” तो म्हणाला, आणि हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला हसू फुटलं. हसणं अर्ध्यावर तुटलं आणि तिचा हात उजव्या गालावर गेला. त्या हाताकडे तो बघत राहिला. तिनं सुरी खाली ठेवली.

“घासून झालं की तू काय म्हणतोस, माहीत आहे का तुला?”

त्याला माहीत नव्हतं. आपण काही म्हणतो हेच त्याला माहीत नव्हतं.

“आता बरं ना, म्हणतोस. आणि असा बघतोस की नाही म्हटलं तर तुझाच दात दुखेल. त्या तोंडाकडे बघून नाही कोण म्हणणार? तीनदा हो म्हटलं मी. मग तुला वाटलं, झालं.”

“आणि तो काय म्हणतो?”

“तो विचारतो, कुठं लागतं?”

इतकंच? त्याला खरंच विचारावंसं वाटलं, इतकंच? यंत्रापेक्षा, लांब बोटांपेक्षा, त्या अंगठ्यापेक्षा त्याला आता या दोन शब्दांचा हेवा वाटला, कारण ते फुकट होते आणि तीस वर्षांत त्याच्या तोंडात आले नव्हते. पण एक गोष्ट उरली होती आणि ती विचारल्याशिवाय त्याला राहवेना. मग घासू का दिलं नाहीस त्याला? मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं तिनं सांगितलं की आपला दात आहे, त्याला कसा घासू देणार. पहिल्या गुरुवारी त्यानं लगेच सांगितलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. ती नको म्हणाली. दुसऱ्या गुरुवारी घासून घ्यायचं ठरवूनच गेली आणि खुर्चीत बसल्यावर पुन्हा नको म्हणाली. सरांना सांगा, नाहीतर मी सांगतो, असं काल तो शेवटी म्हणाला. मूर्ख आहे मी, ती म्हणाली, दोन आठवडे आधीच सुटले असते. मग तिनं एक चकती उचलली, तोंडात टाकली, आणि त्याच्याकडे बघत, अगदी हळू, ती जिभेनं डावीकडे नेली.

“आठ महिने अशी खातेय मी,” ती म्हणाली. “रोज, तुझ्यासमोर बसून. म्हटलं, हा तर दातांचाच डॉक्टर आहे.”

दातखिळी बसणं म्हणजे काय ते तो विद्यार्थ्यांना तासभर समजावून सांगत असे. कितीतरी घास त्याच्या डोळ्यांसमोरून त्या तोंडात गेले होते, सगळे एकाच बाजूला, आणि तो त्या वेळात काय बघत होता? बहुतेक स्वतःची ताटली. लाज वाटली, पण लाजेनं मत्सर गेला नाही, उलट त्याला आता बसायला नीट जागा मिळाली. कारण लाल खांब तर त्यानं सकाळीच पाहिला होता, सात-आठ वेळा, आणि तो कॅपवर आहे हे त्याच्या डोळ्यांना तेव्हाच कळलं होतं. निळ्या कागदानंही तेच सांगितलं होतं, तीनदा, फिक्या अक्षरात. त्यानं घासली ती शेजारची धडधाकट दाढ, तिची स्वतःची, कारण डाग मोठा होता आणि कारण कॅप सुरेख झाली होती.

शनिवारी सकाळी तो तिला घेऊन दवाखान्यात आला. मावशींनी दोघांकडे बघितलं आणि फोनच्या वहीत डोकं घातलं. धाकटा कोट घालत होता. “मॅडमना पट्टी लाव,” थोरला म्हणाला. धाकट्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि दांडा उचलला. थोरला खुर्चीच्या डाव्या अंगाला, लाळ ओढायची नळी धरून मदतनीस उभी राहते तिथं, ती नळी हातात घेऊन उभा राहिला. त्या बाजूनं त्यानं आजवर कधी कुणाचं तोंड बघितलं नव्हतं. अंगठा हनुवटीखाली टेकला, तसाच, त्याला वाटलं होतं तसाच. चावा, धाकटा म्हणाला, धरून ठेवा. पोटातलं दुखणं परत आलं आणि ते येऊ दिलं त्यानं, नळी हातातून सोडली नाही. पडद्यावर लाल खांब उगवला. मग जागा बदलल्या. त्यानं निळा कागद धरला, टक टक, उघड, आणि कॅपच्या आतल्या कोपऱ्यात तो फिका ठिपका होता, आठ महिने होता तिथंच. त्यानं ड्रिल लावलं. खिडकीच्या उजेडात जुळवलेली चकाकी बारीक पांढऱ्या भुकटीत उडाली. मी बाहेर थांबू का सर, धाकट्यानं विचारलं. “नको, थांब,” तो म्हणाला, “परत मोजायचंय.” मोजलं, डावीकडे अठ्ठावन्न. पुन्हा घासलं. त्रेपन्न. पुन्हा, अगदी हलक्या हातानं. एक्कावन्न आणि एकोणपन्नास. पडद्यावर खांब दोन्हीकडे सारखे उभे होते, लाल कुठंच नव्हतं. धाकट्याचा चेहरा फुलला, झालं सर, म्हणाला. थोरल्यानं मास्क खाली ओढला. तिच्या ओठांवर निळी शाई लागली होती. आता ब… इतकं त्याच्या तोंडाबाहेर आलंसुद्धा, आणि तिथंच त्यानं ते दातांखाली धरलं. दुसऱ्याच्या घरातून मागून आणलेली वस्तू हातात धरावी तसे ते दोन शब्द त्यानं अवघडून उच्चारले.

“कुठं लागतं?”

तिनं तोंड मिटलं. टक टक केलं, जबडा हळूच उजवीकडे सरकवला, पुन्हा मागे आणला. पडद्याकडे तिनं पाहिलंच नाही. धाकटा आकड्यांवर बोट ठेवून काही सांगायला लागला होता, त्यानं बोट मागे घेतलं.

“अजून लागतंय,” ती म्हणाली, नवऱ्याला म्हणाली, आणि त्याचं बोट धरून तोंडात, मागे, त्या दातावर नेऊन ठेवलं. मग चावली. बोटाखाली दात थरथरला, अगदी जरासा. त्यानं ड्रिल पुन्हा हातात घेतलं.